शाळेच्या स्पीकरवरचा सूड

मष्णूचं डोकं फिरलं होतं, आणि उगाच न्हवं. टिळकवाडीच्या शाळेत कॉम्प्युटर सांभाळणारा हा कंग्राळी गावचा गडी. तासाची घंटा, सकाळची प्रार्थना, सगळं आपोआप वाजायचं ते त्यानं कॉम्प्युटरच्या टास्क शेड्युलरात वेळा लावून बसवलं म्हणून. आणि गॅदरिंगात हेडमास्तर सुहास सर माईकवर काय म्हणाले? "ही माझी कल्पना!" वर शालही घेतली. मष्णू मागं वायरी गुंडाळत उभा. तेव्हापासून त्याला घास गोड लागेना.

सूड घ्यायचा तर त्याच स्पीकरवरनं, असं त्यानं ठरवलं. सर एकदा ऑफिसात कंग्राळीच्या बायांची टवाळी करत बसले, तेव्हा मष्णूच्या खिशात मोबाईल रेकॉर्डिंगला चालू होता. संस्थेचे चेअरमन नागेंद्र आप्पा कंग्राळीचेच. सव्वीस जानेवारीला आप्पा भाषणाला उभे राहिले की हे वाजायचं, अशी वेळ त्यानं लावून ठेवली. ते रेकॉर्डिंग तो रोज ऐकायचा आणि दात खायचा.

झालं काय, ऐन वेळेला लाईट गेली. आप्पा बिनमाईकचं चार शब्द बोलून निघून गेले. मष्णूचा नुसता जळफळाट!

जुन्या विंडोज एक्सपीवर सूड तिथंच मेला असता. तिथं वेळ चुकली की काम बुडालं. कितीदा तर घंटाच वाजायची न्हाय. दिवाळीत आलेलं नवं विंडोज लई चिवट. झोपलेल्या मशिनला उठवतं, फसलेलं काम परत करून बघतं, आणि सेटिंगात तशी खूण केली असली तर चुकलेलं काम लाईट आल्यावर उरकतं. लाईटचा भरवसा न्हाय म्हणून मष्णू प्रत्येक कामाला ती खूण करायचाच.

लाईट आली, मशिन परत चालू झालं. तेवढ्यात धारा काढून, कंग्राळीच्या बायांबरोबर मष्णूची आई मालुबाईही येऊन पुढं बसली. अजून थांबवता आलं असतं. पण मष्णू मनात म्हणाला, आप्पा गेले तर गेले, ह्या बायाच सरांना सोलून काढतील!

स्पीकर खरखरला. "ह्या कंग्राळीच्या बाया! शेणाचे हात घेऊन पालकांच्या मीटिंगला येतात, सहीला अंगठा पुढं!" सर पांढरेफटक पडले. मष्णूच्या काळजाला गारवा वाटला.

आणि लगेच स्पीकरातनंच सगळ्या मैदानावर मोठ्यांदा हसू घुमलं. सरांना बोलतं ठेवायला मष्णू तेव्हा हसला होता. रोज ऐकताना त्याचं सगळं ध्यान सरांच्याच आवाजाकडं असायचं. हसण्यामागनं शब्दही आले, "व्हय सर, आमची आय बी तसलीच!"

बाया सरांकडं वळल्या. मालुबाई वळली न्हाय.

"मष्णू," ती म्हणाली, "ह्यो तुझा आवाज न्हवं रं?"