सुनंदाचा साधा फोटो

आठवड्याचे सहा दिवस एक्सरेकाकांच्या तोंडी तेच शब्द असत. "हलू नका. श्वास रोखा. हं, सोडा." डहाणूच्या एका दवाखान्यात एक्सरे काढायची त्यांची नोकरी. रविवारी मात्र न हलणाऱ्या माणसाकडे ते ढुंकूनही बघत नसत. गळ्यात कॅमेरा अडकवून स्वारी स्कूटरवरून निघायची. आमच्या कबड्डीच्या मैदानावर, नाहीतर तलासरीकडे तारपा नाचाला.

नाचाचा फेर फिरू लागला की काका त्याच्या बाहेरून उलटे पळत फोटो काढायचे. एकदा बांधावरून थेट शेतात पडले, उठले आणि पुन्हा पळाले. तारप्याचा सूर थांबला की कॅमेरा पिशवीत. बाया हसायच्या, "आता काढा की, आता नीट उभ्या हाव." काका म्हणायचे, "उभी माणसं मी पोटापाण्यासाठी बघतो." फुशारकीच ती, पण आम्हाला आवडायची.

आमच्या संघातली सुनंदा आशागडजवळच्या पाड्यावरची. ती चढाईला निघाली की काकांना दुसरं कुणी दिसत नसे. एकदा सामना संपल्यावर ती नवी जर्सी घालून त्यांच्यापुढे उभी राहिली. "काका, एक साधा काढा ना. आयला घरात लावायचाय."

काकांनी लेन्सवर झाकण लावलं. "साधा स्टुडिओत काढ. तू पळतानाच चांगली दिसतेस."

ती जीभ दाखवून पळाली. त्याच उन्हाळ्यात हायवेवर तिला ट्रकने उडवलं. ती जागीच गेली, तिचे फोटो असलेल्या मोबाईलचाही चुरा झाला.

चार दिवसांनी मी तिच्या आईला घेऊन काकांकडे गेले. आई म्हणाली, "आधार कार्डावरची लहान पोर मला वळखूच येत नाय. तुमच्याकडं आताचा फोटो असंल."

काका कॉम्प्युटरवर एकेक फोटो उघडत गेले. पाठ, वेणी, खांदा, तोंडावर आलेले केस. दुपार सरली तरी पूर्ण चेहरा सापडेना. शेवटी ते हळूच म्हणाले, "ताई, ती हलली नाही असा एकच फोटो आहे. मनगट दुखावलं होतं, तेव्हाचा एक्सरे."

"तो पण द्या," आई म्हणाली. "हात तर तिचाच हाय."

आजही त्या घरातल्या हाराखालच्या फोटोत केसांआडून एकच डोळा आणि अर्धे ओठ दिसतात. एक्सरे आईने साड्यांच्या पेटीत ठेवलाय.

त्यानंतर काकांनी पळत्या माणसांचे फोटो कधीच काढले नाहीत. ते मैदानावर यायचे, सामन्याआधी प्रत्येकीला भिंतीशी उभी करून तिचा चेहरा टिपायचे आणि शिट्टी वाजायच्या आत निघून जायचे. मला त्याचा फार राग यायचा. एकदा न राहवून म्हटलं, "काका, एक चढाई तरी काढा माझी." ते कॅमेरा पिशवीत घालून स्कूटरकडे निघाले.

निवृत्त होऊन ते लेकीकडे नाशिकला गेले. त्याआधीच्या रविवारी मी शेवटची त्यांच्यापुढे उभी राहिले.

"हलू नकोस. श्वास रोख."

त्यांनी फोटो काढला आणि ते पुढच्या मुलीकडे वळले. 'सोड' म्हणायचं विसरले. मी तशीच उभी होते.