शेजारच्या पेटीकडे कान

गोडेलीव्ह मेस्टडाख बावीस वर्षं कोर्टरैक शहरातल्या एका छोट्या कलासंग्रहालयात पहारेकरी होत्या. दालन तीन, दाराजवळची खुर्ची. एकोणसाठाव्या वर्षी त्यांनी मार्गदर्शकाच्या परीक्षेचा अर्ज भरला. साठीनंतर अर्ज घेत नाहीत, म्हणजे संधी एकच.

"बावीस वर्षं चित्रांकडे पाठ करून बसलीस," नवरा कामिएल म्हणाला, "आता तोंड वळवून काय सांगणार?"

"तुझ्याकडे तोंड करून चौतीस झाली. तुझ्यावर विचारलं तर दोन मिनिटांत संपेल."

परीक्षेचं चित्र त्यांच्याच दालनातलं निघालं. समुद्रावर तरंगणाऱ्या लाकडी पेट्यांची रांग. प्रत्येकीमागे बुटक्या खुर्चीवर एक माणूस, डोक्याच्या जागी भलामोठा कान, हातात खडूच्या रेघांची लांब काठी. परीक्षक डॉ. रूलेन्स यांनी या चित्रावर पुस्तक लिहिलं होतं. त्यांच्या मते त्या शवपेट्या, रेघा म्हणजे सरलेले दिवस, आणि प्रत्येक कान शेजारच्या पेटीकडे वळलेला, कारण स्वतःच्या मरणाची चाहूल कुणालाच नको असते.

गोडेलीव्हबाईंनी घरून आणलेली, वडिलांची तशीच खडूच्या रेघांची काठी टेबलावर ठेवली.

"पेट्यांत फिंच पक्षी आहेत, सर. आमच्याकडे रविवारी सकाळी त्यांच्या गाण्याची शर्यत असते, लोक पेट्या घेऊन रस्त्याकडेला असेच बसतात. तासाभरात पक्षी जितक्यांदा पूर्ण गातो, तितक्या रेघा."

"मग कान शेजारी का?"

"आपला पक्षी आपण मोजत नाही, शेजाऱ्याचा मोजतो. नाहीतर गावात सगळेच पहिले!"

दुसऱ्या परीक्षक बाई हसल्या. रूलेन्स हसले नाहीत. "आणि समुद्र? तोही रविवारी येतो तुमच्या रस्त्यावर?"

"तो चित्रकाराचा. तासभर नुसतं ऐकत बसा, रस्ता जातो, घरं जातात, स्वतःचं तोंडही जातं. उरतो कान."

"चौथ्याची काठी कोरी आहे."

"एक तर शेजारचा पक्षी गायला नाही, किंवा हा लबाड आहे. चित्राला आवाज नसतो, त्यामुळे आपल्याला कधीच कळणार नाही. म्हणून मी म्हणते, हे चित्र मरणाचं नाही. भरवशाचं आहे."

रूलेन्स बराच वेळ लिहीत राहिले.

वीसपैकी अकरा. पास व्हायला दहा लागतात. शेरा होता: 'माझ्या पुस्तकाशी असहमत. मुद्दा ग्राह्य.'

आता त्या चित्रापुढे लोकांना उभं करून गोडेलीव्हबाई आधी शवपेट्यांचा अर्थ सांगतात, पूर्ण, काही न गाळता. मग स्वतःचा.