बिनचूक वही आणि सय्यद बाई

आदरणीय सय्यद बाईंची आणि माझी पहिली भेट आठवली की मी आजही थोडी ओशाळते. मुलांना घरीच शिकवणाऱ्या आम्हा दहा-बारा पालकांची बैठक चिकलठाण्याला बाईंच्या गच्चीवर भरली होती. माझी मुलगी तन्वी तेव्हा आठ वर्षांची. तिला शाळेतून काढून वर्ष होत आलं होतं आणि तिच्यासाठी शुद्धलेखनाचा अभ्यासक्रम निवडायचा होता. त्याआधी मी कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासत असे. नोकरी सुटली, सवय सुटली नव्हती. त्यामुळे मी सात पुस्तकं घेऊन गेले होते आणि सोबत त्यांच्या तुलनेचा भलामोठा तक्ता: नियम किती, सराव किती, चाचण्या किती. बाईंनी चष्मा पुसून तो शेवटपर्यंत वाचला.

"लई मेहनत घेतली, बेटा," त्या म्हणाल्या. "पण यात पोरगी कुठंय?"

सगळे हसले. मीही हसले, पण मनातून चांगलीच तडकले.

बाईंनी दौलताबादजवळच्या एका गावात आयुष्यभर मराठी शिकवली. घरी दखनी बोलणारी मुलं आणि शेतावरून थेट वर्गात येणारी मुलं त्यांनी एकाच बाकावर बसवून लिहिती केली. त्या अनुभवातून त्यांनी स्वतःच्या हातानं एक पाठमाला तयार केली, सोप्या शब्दांकडून अवघडांकडे नेणाऱ्या सहा वह्यांची. आमच्या गटात तिच्या झेरॉक्स फिरत असत. शेवटी मीही माझी सातही पुस्तकं बाजूला ठेवून तीच घेतली. तिच्या प्रत्येक पानाखाली एक चौकट होती, 'चुका किती?' खरं सांगायचं तर पाठमालेतली ती चौकटच मला सगळ्यात जास्त आवडली होती.

तीन महिन्यांत तन्वीच्या चौकटींत शून्य येऊ लागलं. इतकंच नव्हे, तिच्या गोष्टींच्या वहीतही एक चूक सापडेना. ती वही घेऊन मी बाईंकडे गेले. शाबासकी घ्यायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू? बाईंनी वही वाचली, मिटली आणि म्हणाल्या, "हिची जुनी वही हाय का? ती आण. आणि पोरीलाबी आण."

दुसऱ्या दिवशी दोघी गेलो. जुन्या वहीत दौलताबादच्या किल्ल्यातल्या वटवाघळाचं लग्न होतं. वऱ्हाडी होते, वाजंत्री होते, तोफा होत्या आणि ओळीओळीला चुका होत्या. नव्या वहीत होतं, 'घर छान आहे. आई घरी आहे. गाय चारा खाते.'

"वटवाघूळ कुठं गेलं गं?" बाईंनी तन्वीला जवळ घेऊन विचारलं.

"ते चुकतं," तन्वी म्हणाली. "जे चुकत नाही, तेवढंच लिहिते मी."

मला तिथंच रडू कोसळलं. माझी गोष्टीवेल्हाळ पोर शून्यासाठी एकेक शब्द टाकून देत होती आणि मी प्रत्येक शून्याला टाळ्या वाजवत होते. माल नापास होऊ नये म्हणून मालच बनवायचा नाही, असा तो कारभार.

बाईंनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. पुढच्या बैठकीत मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चौकट मी आखली. सुजाताचं त्यात काय चुकलं? या पोरीला माझी पाठमाला नाय चालत. हिच्यापुरती ती बंद." इतक्या वर्षांच्या स्वतःच्या कामाबद्दल असं सहज बोलणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मग त्यांनी गटातल्या सगळ्या वह्या मागवून घेतल्या. तीन दुपारी आम्ही दोघी जिन्यात बसून प्रत्येक चौकटीवर कागदाची पट्टी चिकटवत होतो. "बाई, नव्या प्रती काढू की," मी म्हटलं. "काढू ना. पण पोरांच्या हातात आज तर हीच हाय," त्या म्हणाल्या आणि डिंक पुढे सरकवला.

तन्वीसाठी नवा अभ्यासक्रम ठरला तो एवढाच: आधी तिनं मनाला येईल ते लिहायचं आणि त्यातलेच तीन शब्द आठवड्याला पक्के करायचे. पण तन्वी लिहीच ना. "जूनला शाळेत घाला तिला," सासूबाई म्हणू लागल्या आणि मलाही ते पटू लागलं होतं. तेव्हा बाई दर गुरुवारी रिक्षानं येऊ लागल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी आमचे दोन मजले चढायच्या. तन्वी गोष्ट सांगे, बाई लिहून घेत. पाचव्या की सहाव्या गुरुवारी गोष्टीतली राजकन्या विहिरीत पडली आणि बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हात दुखायला लागला बघ. पुढचं तूच लिही."

तन्वीनं पेन उचललं. मग तिनं वही आपल्याकडे ओढली. राजकन्येला विहिरीत कसं सोडणार? त्या दिवशी तिनं पाऊण पान लिहिलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून गपचूप डोळे पुसत होते. बाईंचा हात खरंच दुखत होता का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

बाईंनी किती मुलांना शुद्ध लिहायला शिकवलं, ते त्यांचे विद्यार्थी या गौरवग्रंथात सांगतीलच. माझ्यावरचं त्यांचं ऋण वेगळं आहे. त्यांनी माझी मुलगी मला परत दिली, तीही मला अपराधी न ठरवता.

बाईंच्या पंच्याहत्तरीसाठी तन्वीनंही एक पान लिहिलं आहे, ते या लेखाला जोडते आहे. त्यात तेरा चुका आहेत. मी मोजल्या, तेवढी खोड अजून गेलेली नाही. पण दुरुस्त एकही केली नाही. संपादकांना विनंती की ते पान जसंच्या तसं छापावं. बाई ते चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचतील. अशी पुष्कळ पानं वाचायला त्यांना शंभर वर्षांचं धडधाकट आयुष्य आणि लख्ख नजर लाभो.