मुक्या सुराची जागा

त्या हिवाळ्यात मी प्रार्थना करणं सोडलं होतं. घरात कुणाला ते ठाऊक नव्हतं, कारण गाणं चालूच होतं. दर रविवारी मी पप्पांच्या शेजारी उभी राहून देवाला हाका मारायचे, आणि आत काहीच हलायचं नाही. हे लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. मला नीट सांगता येईल असंही नाही. पण ज्याने दिलं त्याची आठवण न ठेवणं हेही बरं नव्हे, म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे.

आमचं घराणं गाणाऱ्यांचं आहे, म्हणजे नावाजलेलं वगैरे नव्हे. माझे आजोबा जालन्याकडे विहिरी खणायचे. खणता खणता पदं रचायचे आणि संध्याकाळी पेटीवर म्हणायचे. आधी ते आणि आजी, मग त्यांची मुलं, अशी मंडळी तयार झाली. गावोगावच्या लग्नांत, मयतीत, नाताळात ही मंडळी गाऊन यायची. पुढे पप्पांना चंदीगडजवळच्या डेराबस्सीत औषध कारखान्यात काम मिळालं, त्यांच्यामागून काका आले, आणि शेवटी मोठी आत्या आली ती मांडीवर पेटी घेऊनच. आता पप्पा तबला वाजवतात, काका झांज धरतात, आत्या पेटी वाजवते आणि पुढे म्हणते, मी आणि धाकटी बहीण रुथ मागून म्हणतो. रुथचा जन्म इकडचा. ती गाते मराठीत आणि भांडते हिंदीत. चंदीगडच्या चर्चमध्ये ‘जय ख्रिस्त’ म्हणणारे आम्हीच. बाकी सगळे ‘जय मसीह की’ म्हणणारे. त्यांना आमचे शब्द कळत नाहीत, तरी ते डोळे मिटून टाळ्या वाजवतात.

आमच्या पेटीत एक सूर मुका आहे. पेटी जुनी, एकेरी सुरांची, म्हणजे एका पट्टीला आत एकच पितळी जीभ. आजोबांच्या हयातीतच त्यातली एक तुटली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या एकाच उंचीवर गातो, त्या उंचीवर ती पट्टी म्हणजे आमचा धैवत, सारेगमपधनीतला ‘ध’. बोट ठेवलं की नुसती हवा जाते, फुस्स. आजोबांनी ती कधी दुरुस्त केली नाही. ‘पेटी थकली तर माणसानं गावं,’ एवढंच म्हणायचे म्हणे. तेव्हापासून धैवत आला की सगळं घर तो सूर जरा जोरात लावतं, म्हणजे ऐकणाऱ्याला खड्डा लागत नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही, रक्तातच येतं. काका म्हणतात, ‘तुझ्या काकूला मी लग्नाच्या शपथेच्या आधी हा सूर शिकवला. शपथ एक वेळ विसरली असती तरी चाललं असतं.’

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. डेराबस्सीहून बसने चंदीगडला येते, बी.एस्सी. करते. दुसऱ्या वर्षी मैत्रिणींनी जबरदस्तीने गाण्याच्या स्पर्धेत उभं केलं. साथीला नवी कोरी पेटी होती, सगळे सूर शाबूत. मी सवयीने धैवतावर जोर दिला. एकदा, दोनदा, प्रत्येक वेळी. परीक्षक बाईंनी मायेनेच विचारलं, ‘बेटा, आवाज़ अच्छी है, पर इस एक सुर पर धक्का क्यों मारती हो?’ सभागृह हसलं. नंतर मैत्रीण म्हणाली, ‘यार, तू तो वहाँ हॉर्न बजाती है.’ मीही हसले. पण बसमध्ये बसल्यावर एक विचार आला आणि तो गेलाच नाही. आपण मुक्या पट्टीवर आवाज चढवतो, तसंच देवाचं नसेल ना? तो काही बोलत नाही, आणि ते कुणाला कळू नये म्हणून आपणच मोठ्याने गातो. आजोबांपासून सगळे. या विचाराची मला भीती वाटली. मी तो कुणाला सांगितला नाही. फक्त रोज सकाळी गुडघे टेकून मनात काही न बोलता उठू लागले.

डिसेंबर लागला तेव्हा मी ठरवलं, निदान पेटी तरी दुरुस्त करायची. कॉलेजच्या कार्यक्रमाला हवी आहे असं घरी खोटं सांगितलं आणि ती उचलून नेली. आत्याने कापडात बांधून देताना विचारलं, ‘बाळा, तिकडं तिचा सूर कोण लावणार गं?’ मी म्हटलं, ‘लावेन मीच.’ चंदीगडमध्ये एका सेक्टरच्या मागच्या मार्केटात एक म्हातारे सरदारजी वाद्यं दुरुस्त करतात. त्यांनी पेटी उघडली, आत फुंकर घातली आणि शनिवारी या म्हणाले. शनिवारी गेले तर म्हणाले, पुढच्या शनिवारी. मी कुरकुर केली, तर हसून म्हणाले, ‘जल्दी ना कर, पुत्तर. साज़ बूढ़ा है, इसके साथ हौले बात करनी पड़ती है.’ मला रागच आला. पंजाबात काय आणि जालन्यात काय, कारागीर सगळे सारखे, असं वाटलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी आत्या कणीक मळता मळता थांबली. आईने विचारलं, ‘आक्का, काय झालं?’ तर आत्याने आमच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. उजवा हात पिठातच राहिला. अर्धांगाचा झटका होता. काकांनी गाडीत घालून चंदीगडच्या इस्पितळात नेलं. जीव वाचला. हात पुढे थोडा सुधारेल म्हणाले. वाचेचं मात्र सांगता येत नाही, येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. आठ-दहा दिवस गेले. आत्या डोळ्यांनी सगळं ऐकायची. आपण काही विचारलं की ओठ हलवायची, आणि शब्द सापडला नाही की भिंतीकडे तोंड करायची. जिने आयुष्यभर सगळ्यांच्या पुढे होऊन गायलं, तिचं ते भिंतीकडे वळणं मला बघवत नव्हतं. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून प्रार्थना करायचा प्रयत्न केला. फुस्स. नुसती हवा.

नाताळला तीन दिवस राहिले तेव्हा पप्पा म्हणाले, ‘आक्का चर्चला येऊ शकत नाही, तर आपण तिच्यापुढं गाऊ. एकच पद. हळू आवाजात गायला सिस्टरनी परवानगी दिलीय. तुझी ती पेटी आण कॉलेजातनं.’ तेव्हा मला सगळं सांगावं लागलं. पप्पा एवढंच म्हणाले, ‘अगं, विचारायचं तरी होतंस.’ रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी दुपारीसुद्धा धुकं उठलं नव्हतं. मी दुकानात पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. भेटीची वेळ चार ते पाच. सरदारजींनी पेटी पुढे ठेवली. लाकूड पुसून लख्ख केलं होतं, भात्याला नवं चामडं लावलं होतं. ‘सब हो गया, पुत्तर. बस वो एक सुर नहीं बैठा. दो बार घड़ा, दो बार निकाला. एक घंटा रुक जा, दूसरे बाजे से निकाल के लगा देता हूँ.’ एक तास माझ्याकडे नव्हता. माझे डोळे भरून आले. त्यांनी कारण विचारलं, मी कसंबसं सांगितलं. त्यांनी दुकानाचं शटर ओढलं, शाल गुंडाळली आणि स्कूटर काढली.

तो रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो. पांढऱ्या धुक्यातून झाडं एकेक करून यायची आणि जायची. चंदीगडचे गोल चौक तसेही एकसारखे; त्या दिवशी वाटत होतं, आपण एकाच चौकाभोवती फिरतो आहोत आणि सरदारजींना तरीही वाट माहीत आहे. पेटी माझ्या मांडीवर होती. कापड घट्ट बांधलेलं, त्यामुळे दोन-तीन पट्ट्या दबल्या असाव्यात. गतिरोधक आला की भाता हलायचा आणि पेटी आपणहून हलकेच कण्हायची. जणू मांडीवर कुणी निजलेलं आहे आणि झोपेत श्वास घेतं आहे. मी तिला पोटाशी धरलं. तेव्हा मी काही मागितलं नाही. मागायचं सुचलंच नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला वाटलं की आता माझ्या हातात काही नाही, आणि त्याची भीती वाटली नाही. इस्पितळाच्या दारात सरदारजी म्हणाले, ‘जा, तेरी बुआ राह देखती होगी,’ आणि धुक्यात दिसेनासे झाले.

आत्याला उशा लावून बसवलं होतं. पेटी खाटेवर तिच्या पायाशी ठेवली. वाजवायला मीच बसले. पप्पांनी तबला आणला नव्हता, ते स्टुलाच्या कडेवर बोटांनी ठेका धरत होते. काकांनी झांजेच्या कडेला कड नुसती टेकवली. आजोबांचं विहिरीचं पद घेतलं. त्याचं ध्रुपद असं आहे:

खोल गेली दोरी माझी, आता ओढ रे देवा.

त्यातला ‘आता’ धैवतावर येतो. त्या ठिकाणी आजवर कधी कुणी चुकलं नव्हतं. मी ‘दोरी माझी’ म्हटलं, मुक्या पट्टीवर बोट ठेवलं आणि आत्याकडे पाहिलं. ती भिंतीकडे नव्हे, पेटीकडे बघत होती. मला सूर लावताच आला नाही. पप्पांनी मान खाली घातली होती. काकांनाही फुटला नाही, रुथलाही नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी लावेल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती जागा रिकामी राहिली. भात्यातून नुसती हवा गेली.

आणि त्या रिकाम्या जागेत आत्याने ‘आ’ लावला.

घोगरा होता, फाटका होता, पण नेमका तिथलाच होता. कुणी हललं नाही. पप्पांची बोटं स्टुलावर तशीच राहिली. आत्या स्वतःच चकित होऊन आमच्याकडे बघत होती, जणू तो आवाज दुसऱ्या कुणाचा आहे. काका कसेबसे म्हणाले, ‘परत घ्या, परत.’ आम्ही ध्रुपद परत घेतलं. आता सगळ्यांनी ठरवल्यासारखी ती जागा सोडली, आणि आत्याने ती घेतली. तिसऱ्या वेळी ‘आता’ आला, अख्खा. पाचव्या की सहाव्या वेळी ती ‘देवा’पर्यंत पोचली. पलीकडच्या खाटेवरची बाई रडत होती. तिला मराठीचं अक्षरही कळत नव्हतं. रुथ आत्याच्या गळ्यात पडून म्हणाली, ‘बुआ, आप तो शो-ऑफ निकलीं!’ आणि आत्या हसली. तोंड एका बाजूला वाकडं झालं, पण हसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बोलणं आणि गाणं मेंदूत अगदी एका ठिकाणी नसतं, बोलता न येणारे रुग्ण कधी कधी गाऊ शकतात, आणि गाण्याच्या वाटेने काहींचे शब्द परत येतात. मी विज्ञान शिकते, मला ते पटलं. मी ते वहीत लिहूनही घेतलं. त्यावर मला वाद घालायचा नाही. पण त्या दिवशी पेटी दुरुस्त झाली असती तर ती जागा पेटीने भरली असती. मी नेहमीसारखी ठीक असते तर मी भरली असती. सगळे सूर ज्याच्या हातात आहेत त्याने एक सूर न बसवता ठेवला आणि आम्हा सगळ्यांचे गळे एकदमच धरले, असं मला वाटतं. एवढंच म्हणते. वाटणं खरं की खोटं, ते त्याचं तो जाणे.

फेब्रुवारीत आत्या काठी धरून चालू लागली. शब्द थोडे थोडे येत होते, अडखळत, पण तिचेच. मी तिला सरदारजींच्या दुकानात घेऊन गेले. सोबत आईने केलेले तिळाचे लाडू होते. त्यांनी आत्याला हात जोडले, खण उघडला आणि कागदात गुंडाळलेली एक पितळी जीभ बाहेर काढली. ‘ये बैठेगी, पुत्तर. इस बार पक्का.’ मी घाईघाईने म्हणाले की नको, ती जागा आम्हाला तशीच ठेवायची आहे. मला ती जागा पवित्र वाटू लागली होती. आत्याने माझ्याकडे पाहिलं. शब्द शोधायला तिला वेळ लागला.

‘बसव,’ ती म्हणाली. ‘तुटकं... ते तुटकं, बाळा.’ मग दम घेऊन, ‘देव काय... भोकात राहतो व्हय?’

सरदारजींना एक शब्द कळला नाही, तरी ते हसले आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.

तो सूर आता वाजतो. पहिल्या रविवारी फारच गंमत झाली. पेटीही वाजली आणि सवयीने आम्ही सगळ्यांनीही आवाज चढवला, तेव्हा काका पुटपुटले, ‘झालं, आता देवाचे कान गेले.’ हळूहळू सवय मोडते आहे. मी सकाळी पुन्हा गुडघे टेकते. बोलते थोडं, बराच वेळ गप्प राहते. ते गप्प राहणं आता मला रिकामं वाटत नाही. पूर्वी वाटायचं की देव गप्प आहे म्हणून आम्हाला मोठ्याने गावं लागतं. आता वाटतं, मी कधी त्याला जागाच दिली नव्हती.

आत्या डाव्या हाताने पट्ट्या दाबते, भाता रुथ ओढते. विहिरीचं पद आलं की सगळे गातात. मी ‘दोरी माझी’पर्यंत म्हणते आणि ‘आता’ला थांबते. तेवढा एक सूर मी गात नाही. इतक्या आवाजांत कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त आत्या पेटीवरून मान वर करते, माझ्याकडे बघते, आणि तो सूर बोटाखाली जरासा जास्त वेळ धरून ठेवते.