छत्री हरली ते वर्ष

आई सरपंचपदाच्या निवडणुकीला उभी राहिली तेव्हा मी महाडला शाळेत शिकवत होते. आमचं गाव पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेवर. जागा बाईसाठी राखीव झाली आणि वरच्या वाडीने आईला उभं केलं. तिचं चिन्ह छत्री. समोर खालच्या वाडीतली काकू, तिचं चिन्ह कपबशी. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. लावणीला एकमेकींच्या शेतात जायच्या. माझ्या वेळी आई बाळंत झाली तेव्हा भाकऱ्या काकूच पोचवायची. प्रचार सुरू झाल्यावर मात्र दोघींचं बोलणं बंद झालं. बंद केलं पुरुषांनी, पाळलं बायकांनी.

वरच्या वाडीत तेव्हा नळ नव्हता. मार्च लागला की बायका दरीतल्या झऱ्यावरून हंडे आणायच्या. चढ असा, की वर येईपर्यंत बोलायलाही दम उरायचा नाही. आई घरोघरी एवढंच सांगायची, "मला निवडून द्या. झऱ्याचं पाणी दारात आणते."

मतदानाला खालच्या वाडीची मुंबईतली माणसं गाड्या भरून आली. आमच्या वाडीचे मुंबईकर फारसे आलेच नाहीत. मोजणी पोलादपूरला होती. मी रजा टाकून गेले होते. आई थोडक्या मतांनी हरली. बाहेर गुलाल उधळला गेला आणि कुणीतरी ओरडलं, "छत्री मिटली रे मिटली!" आईने पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "चल, चहा पिऊ." हॉटेलात तिने चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

संध्याकाळी मिरवणूक मुद्दाम आमच्या दारावरून आली. वडिलांनी दार लावून घेतलं. ढोल बाहेर थांबून वाजत राहिला. मग कडी वाजली. आईने दार उघडलं तर काकू उभी, कपाळापासून गळ्यापर्यंत गुलालाने माखलेली. मागून तिचा नवरा हाका मारत होता. ती आत आली आणि रडायलाच लागली.

"बाय गो, मला यातलं काय कळत नाय," ती म्हणाली. "घरातले बोलले उभी रहा, मी राह्यले. आता पंचायतीत तू यायचंस माझ्यासंगती."

"मी हरलेय. मी कशाला येऊ?" आई म्हणाली.

"पाणी काय तुला एकटीलाच पायजे होतं?"

काकूच्या डोळ्यांत गुलाल गेला होता, तो आईने आपल्या पदराने पुसला. काकू गेल्यावर आई गोठ्यात जाऊन बसली. मी गेले तर म्हणाली, "जरा रडू दे मला. मग येते."

पहिल्या ग्रामसभेला शाळेला सुट्टी होती, म्हणून मी गावात होते. कुणी काही विचारलं की काकूचा नवरा उठून उत्तर द्यायचा. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला आई उभी राहिली.

"भावजी, तुम्ही बसा. प्रश्न सरपंचांना विचारलाय."

काकूचा नवरा खाली बसला. काकू उठली. "वरच्या वाडीला पाणी पायजे," ती म्हणाली. "आधी ते. बाकीचं मग बोला."

त्यानंतर पोलादपूरच्या पंचायत समितीत दोघींच्या खेपा सुरू झाल्या. सुरुवातीला आई बोलायची आणि काकू सही करायची. पुढे काकूच साहेबांच्या समोर खुर्ची ओढून बसू लागली. शेवटी नळाची योजना मंजूर झाली. इंजिनीयर गावात आला, डोंगर फिरला आणि त्याने टाकीसाठी जागा दाखवली ती नेमकी आमच्या नाचणीच्या शेतातली.

वडील भडकले. "निवडणूक त्यांनी घेतली, आता जागापण त्यांनाच द्यायची?"

"टाकी काय तिच्या परसात बसतेय?" आई म्हणाली. "पाणी कुणाच्या दारात येणार हाय, ते बघा."

बरेच दिवस वडील आईकडे पाठ करून जेवत होते. मग एका सकाळी कोयता घेऊन वर गेले आणि टाकीच्या जागेवरची झुडपं एकट्याने तोडून आले.

नळाला पाणी आलं त्या दिवशी टाकीवरच्या पाटीवर काकूचं नाव बघून मला वाईट वाटलं. मी आईला तसं म्हटलं. ती हंडा विसळत होती. "मला वाटलं होतं, निवडून आले तरच होईल," ती म्हणाली. "नाय आले, तरी झालं. अजून काय पायजे?" ती खरोखरच खुशीत होती. मलाच ते समजायला पुढची काही वर्षं लागली.

सगळं गोड झालं असं नाही. आई फितूर झाली, असं आमच्या वाडीतले काही जण अजून म्हणतात. एका घराने तर आमच्याकडे गणपतीत येणं सोडलं ते सोडलंच. आईला त्याचं दुःख आहे. पण आपण चुकलो, असं ती कधी म्हणाली नाही.

गेल्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं आणि ती महाडला माझ्याकडे राहिली. काकू आता सरपंच नाही. सकाळच्या एसटीने ती आली, पिशवीत नाचणीच्या भाकऱ्या आणि सुका जवळा घेऊन. आल्या आल्या तिने आईचे केस विंचरायला घेतले. आई जिंकली असती तर तिने असंच जाऊन काकूची कडी वाजवली असती का, की आम्हीच गुलाल घेऊन तिच्या दारावरून गेलो असतो? मला सांगता येत नाही. आमच्या वाट्याला जे आलं, त्याबद्दल मी मनोमन हात जोडते.

जवळा शिजत ठेवून मी बाहेर येऊन बसले होते. आतून काकूने मला विचारलं, "जवळ्यात कोकम घातलंस का गो?" आई म्हणाली, "तिला नाय जमायचं, तूच घाल." मी उठून काकूला कोकमाचा डबा काढून दिला.