नणंदेचं मशीन आणि आमचा कावळा

माणसाने बोलायला शिकावं हे ठीकच, पण शिकल्यानंतर बोलत राहायची फारशी गरज नाही, असं माझ्या धाकट्या नणंदेचं ठाम मत आहे. दोन वर्षांवरच्या माणसात तिला रस नाही. तान्ही मुलं बोलायला कशी शिकतात, याचा अभ्यास करण्यात तिचा जन्म गेला. मुंबईच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, सुट्टीत गावी येऊन पोरं ऐकली, परदेशात भाषणं ठोकली आणि निवृत्त होऊन परत जूचंद्रला, आमच्यापासून चार घरं सोडून राहायला आली. आम्हाला वाटलं, बाई आता आराम करील. कसला आराम! गावात पाळणा हलला की ही हजर. बारशाला बाकीच्या बायका बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघतात, ही त्याच्या तोंडाशी कान नेऊन बसते. आहेर म्हणून झबलं नेते, त्याला छातीवर खिसा शिवलेला, आणि आईबापांनी हो म्हटलं की खिशात काडेपेटीएवढं मशीन. ते दिवसभर घरातलं बोलणं टिपत राहतं.

मोठ्यांची नावं तिच्या लक्षात राहत नाहीत. एका हळदीला नवरदेव वाकून पाया पडला, तर त्याला निरखून म्हणते कशी, "तू तोच ना, ज्याने सहा महिने नुसतं 'बा बा' केलं आणि आईने अन्न सोडलं होतं?" अख्ख्या मांडवादेखत! मागच्या दिवाळीत तर कहर झाला. शेजारच्या सुनेने दुपारभर खपून अंगणात रांगोळी काढलेली, मोर आणि त्याची पिसं, आणि तिचंच रांगतं पोर सरळ मोरावर निघालेलं. सगळे "धरा, धरा" म्हणून धावले तर ही आडवे हात करून उभी. "थांबा! तो मोराला काहीतरी सांगतोय." सांगून होईपर्यंत मोराची मान गेली होती. ती सून आठवडाभर हिच्याशी बोलली नाही, आणि हिच्या ते लक्षातही आलं नाही.

आमच्या ओवीच्या, म्हणजे माझ्या नातीच्या वेळी मात्र मला तिचा खरंच राग आला. ओवी वर्षाची झाल्यापासून मशीन तिच्या झबल्यात. पोर वीस महिन्यांची झाली तरी तोंडातून एक शब्द नाही. तिच्याहून लहान असलेली शेजारची पोर 'दे, दे' करून डोकं खायची, आणि आमची आपली टुकूटुकू बघत बसायची. डॉक्टरांनी कान तपासले, ते उत्तम. सून गुपचूप डोळे पुसायची. नणंदेला विचारावं तर एकच उत्तर, "ऐकतेय ती, वहिनी. घाई करू नकोस." एक दिवस माझा तोल गेला. म्हटलं, "तुझं काय जातं? गावच्या पोरांचे शब्द मोजत फिर तू, घरचीच मुकी राहिली तर?" तिचं तोंड एवढंसं झालं. झबल्यातलं मशीन काढून घेऊन निघून गेली. मला रात्रभर वाईट वाटलं, पण माघार घेईन तर शपथ.

तिसऱ्या दिवशी आली ती तणतणत. ओट्यावर बसली आणि टिपलेलं बोलणं लावलं. त्यातून एक बाई बोलत होती, "ओवी, हा पाहा कावळा. कावळा काळा असतो. कावळ्यास दोन पाय असतात."

"कोण गं ही?" नणंदेने विचारलं.

"मीच की."

"तू? कावळ्यास?"

मग सांगावंच लागलं. मुलाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आई, मशीनसमोर नीट बोल, मोठमोठी माणसं ऐकणार आहेत. तेव्हापासून अख्खं घर फोटोला बसल्यासारखं. मुलगा पुस्तकातलं बोलायचा, सून इंग्रजीतून, आणि मी, जिची हाक खाडीपलीकडे जाते, ती दोन वाक्यं बोलून गप्प.

नणंदेने कपाळावर हात मारला. "चूक माझीच. पोरांच्या तोंडाकडे बघत राहिले, मोठ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं ते दिसलं नाही. अगं, पोरीशी बोलतंय कोण या घरात? सगळे मशीनशी बोलताय!" मग मशीन बंद करून म्हणाली, "तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी शाळेत होते. याच ओट्यावर तीन महिन्यांच्या पोराशी तू भांडायचीस. त्याला जाब विचारायचीस, तो 'हुं' करेपर्यंत थांबायचीस, मग पुढे भांडायचीस. ते ऐकून मी या नादाला लागले, वहिनी. तुला काय वाटलं, पुस्तकं वाचून?"

चाळीस वर्षं हे पोटात ठेवलं बयेने! मी पदर डोळ्यांना लावला आणि तिने मशीन परत झबल्यात न घालता पिशवीत टाकलं.

त्या दिवसापासून माझं तोंड सुटलं ते सुटलंच. जेवणाआधी कावळ्याला भात ठेवायची आमची रीत. ओवीला कडेवर घ्यायचं आणि कावळ्याचा उद्धार करायचा. "आलास का मेल्या? काल कुठं उलथला होतास? भात काय तुझा बाप खानार?" महिनाभर हे चाललं. एका दुपारी नणंद ओट्यावर बसलेली, मी भात ठेवला आणि कावळा काही येईना. मी तोंड उघडणार एवढ्यात ओवीने कौलाकडे हात केला आणि खणखणीत ओरडली, "मेल्या!"

सून आतून धावत आली ती दारातच थिजली. मी किंचाळले, "अगं, मशीन! मशीन लाव!"

नणंद हललीसुद्धा नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हणाली, "थांब गं. मला ऐकू दे."

ती म्हणते, ओवी आज ना उद्या बोललीच असती. असेलही. तिच्या कपाटात प्रत्येक पोराचं पाकीट आहे, त्यावर पहिला शब्द लिहिलेला. ओवीच्या पाकिटावर मात्र नुसतं नाव. "लिही की," म्हटलं, तर म्हणाली, "राहील माझ्या लक्षात."

परवा ओवीला दोन वर्षं पूर्ण झाली. केक कापताना सगळे हसत होते आणि मला मेलीला धाकधूक, दोन वर्षांवरच्या माणसात हिला रस नाही, आता कशाला येतेय ही? दुसऱ्या दिवशी भात घेऊन ओट्यावर गेले, तर बाई माझ्याआधी येऊन बसलेली. ओवी तिच्या मांडीवर, आणि दोघी मिळून कावळ्याला शिव्या घालत होत्या.