अकरा बैठका

सव्वीस वर्षं मी ऑडिटिंग शिकवतोय. खोटी नोंद कशी ओळखायची हे नाशिकमधल्या निम्म्या अकाउंटंटांनी माझ्याकडूनच ऐकलं असेल, अशी माझी घमेंड आहे.

बाहेरून मूल्यांकन समिती येणार म्हटल्यावर आमच्या कॉलेजची गाळण उडाली. विद्यार्थी तक्रार निवारण कक्षाच्या तीन वर्षांतल्या अकरा बैठकांची इतिवृत्तं दाखवायची होती, आणि बैठक एकही झाली नव्हती. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही म्हणाले. मी फुगलो. दम दिला असता तर कदाचित नाही म्हटलं असतं.

दुपारभर आम्ही कक्षाचे सहा जण स्टाफरूममध्ये बसलो. समोसे आले, थट्टामस्करी सुरू झाली. दर वर्षाला वेगळं पेन घ्या, सगळ्यांना सगळीकडे हजर दाखवू नका, असं मी सांगत होतो. वर्गात शिकवलेलंच, उलट्या बाजूने. सगळे वाहवा करत होते आणि मला मजा येत होती. त्या मजेची आज शिसारी येते.

सही केली नाही ती आमच्यातल्या एकीने. सगळ्यांत धाकटी, माझीच जुनी विद्यार्थिनी, सातपूरहून येणारी. तासिका तत्त्वावर होती, म्हणजे नेमणूक दर जूनला नव्याने मिळवायची.

"सर, ह्या मीटिंग झाल्याच नाहीत," ती हळूच म्हणाली.

मला राग आला. तिचा कमी, चारचौघांत पकडलं गेल्याचा जास्त. पण आवाज न चढवता मी तोडगा काढला आणि अकराही बैठकांत तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं. सहीचा प्रश्न मिटला. शिवाय रजिस्टर खरं वाटायला कुणीतरी गैरहजर हवंच होतं.

समिती खूश होऊन गेली. जूनमध्ये तिला नेमणूक मिळाली नाही. कारण दिलं, कक्षाच्या एकाही बैठकीला हजेरी नाही. पुरावा म्हणून माझ्या अक्षरातलं रजिस्टर पुढे केलं.

ती माझ्या घरी आली. रडली नाही, मला दोषही दिला नाही.

"सर, बैठका झाल्या नव्हत्या, एवढं एका कागदावर लिहून द्या."

मुलीचं लग्न, निवृत्तीला उरलेली दोन वर्षं, असं काहीबाही मी बोलत राहिलो. तिने चहा संपवला, कप स्वतःच आत नेऊन ठेवला आणि गेली.

त्याच आठवड्यात वर्गात पुराव्याचं प्रकरण होतं. मी ते नेहमीपेक्षा चांगलं शिकवलं.